शेवटचं कडवं कोणी म्हणत नाही

दिवाळी अंकांत रिटायर झालेली माणसं आपापल्या नोकरीचं लिहितात. पोस्टमास्तर लिहितात, नर्सबाई लिहितात, एकदा तर तुरुंगातल्या शिपायाचं वाचलं. मला ते वाचायला आवडतं. जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बाईचं मात्र कुठं वाचायला मिळालं नाही. तिला लिहिता येत नसेल असं धरून चालतात, किंवा तिला विचारायला कोणी जात नसेल. म्हणून मीच लिहून बघते. हे छापायला देणं माझ्याच्यानं होणार नाही. चार माणसांत उभं राहून नाव सांगायचं म्हटलं तरी माझा घसा बसतो. लिहिताना समोर कोणी नसतं, तेव्हा मला बरंच बोलता येतं. आणि सध्या मला बोलायचंच आहे, कारण माझं डोकं फिरलेलं आहे.

आधी काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. ती वेगळी करून नुसती रुई काढायची, एवढंच जिनिंगचं काम. शिरपूरकडे दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागतात आणि आमचा हंगाम सुरू होतो. अंगणात कापसाचे डोंगर करतात. आम्ही बायका त्या डोंगरांच्या पायथ्याशी बसून कापूस निवडतो. पाला, काडी, किडकी बोंडं, पोत्याचा सुतळीचा धागा, गुटख्याची पुडी, माणसाचा केस, जे जे कापूस नाही ते सगळं काढायचं. मग तो कापूस आत मशिनवर जातो. आमच्या वेळी मशिनच्या तोंडात तो हातानं सारायचा असायचा. आत चामड्याचा रोळ फिरतो आणि त्याला लागून सुरी असते. रोळ रुई ओढून घेतो, सरकी सुरीपाशी अडते आणि खाली पडते. ऐकायला सोपं आहे. आत एवढा आवाज असतो की शेजारणीला हाक मारायची तर तिच्या पाठीवर थाप मारावी लागते. हवेत सगळीकडे बारीक तंतू. तोंडाला रुमाल बांधला तरी संध्याकाळी नाकातून कापूस निघतो. घरी गेलं की नातवंडं म्हणायची, आजी म्हातारी होऊन आली.

आत गाता येत नाही. बाहेर ढिगाऱ्यावर मात्र तोंड मोकळं असतं. तिथं आम्ही दिवसभर गायचो. लग्नाची, कानबाईच्या सणाची, शिमग्याची, जे आठवेल ते. माझा आवाज फाटका, म्हणून मी गायची नाही. मी शब्द द्यायची. एखादीला कडवं आठवेनासं झालं की माझ्याकडे बघायची. मला ते येत असलं तर सांगायची, नसलं तर तिथल्या तिथं नवं करून द्यायची. कोणाला फरक कळायचा नाही. तेव्हा मला त्याची मोठी गंमत वाटायची. आता तीच गंमत माझ्या अंगाशी आली आहे.

मी चौथी शिकलेली. पाचवीला घातलं असतं, पण शाळा दुसऱ्या गावाला होती आणि आईला शेतात हात हवा होता. वाचायची खोड मात्र राहिली. भज्यांचा कागद, वाण्याची पुडी, मास्तरांच्या घरची रद्दी, काहीही वाचायची. वाचता वाचता लिहायला लागले. कविताही केल्या. पुस्तकातल्यासारख्या, चालीच्या नाहीत. कापूस निवडताना बोटांना जे कळतं आणि डोळ्यांना कळत नाही, त्यावर एक केली होती. ती एकदा धीर करून ढिगाऱ्यावरच्या बायकांना वाचून दाखवली. मग यशोदा म्हणाली, "चांगलं शे वं. पन याले चाल कोनती?"

"चाल नाही."

"मंग हाई गानं अजून व्हयनं नही. व्हयनं का सांगजो, आमी म्हनसूत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण राग आलाच.

तीच कविता पुढे मुलानं गावातल्या एका सरांना नेऊन दाखवली. सर दरवर्षी दिवाळी अंक काढायचे. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दिली. मी खुर्चीच्या टोकावर बसले. सर म्हणाले, "अक्का, छान आहे. पण हे असं तर आम्हीही लिहितो. तुम्ही तुमचं द्या ना."

मी म्हटलं, "हे माझंच आहे."

"तसं नाही हो. तुमचं म्हणजे ओव्या वगैरे. मातीतलं."

मी मान हलवून घरी आले. वाटेत चिडून चिडून चालत होते. ज्यांच्या हाताला माती लागते त्या म्हणतात चाल कुठं आहे, आणि ज्यांना माती हवी ते म्हणतात ओवी कुठं आहे. मी जे केलं ते कोणालाच नको. रोज भाकरी करणाऱ्या बाईनं एक दिवस पोळी केली, तर घरातले विचारतात आज भाकरी का नाही. अगदी तसं.

असो. वत्सीचं सांगायचं आहे.

वत्सला माझ्या शेजारच्या मशिनवर असायची. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची. गळा असा की ढिगाऱ्यावर ती गायला लागली की ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करायचे. एके दिवशी तिच्या मशिनच्या तोंडात कापूस अडकला. ओला कापूस असला की अडकतो. मशीन थांबवायचं तर मुकादमाला सांगायचं, मुकादम ओरडणार, म्हणून कोणी थांबवायचं नाही. सगळ्याच हातानं रेटायच्या. वत्सीनंही रेटला. आवाजात तिची किंकाळी मला ऐकू आली नाही. मला दिसलं ते एवढंच, की रोळावरून येणारी रुई लाल झाली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. "तिचंच लक्ष नव्हतं," असं सगळीकडे सांगितलं गेलं. लाल झालेली रुई बाजूला काढली, मशीन पुसलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर ते परत सुरू झालं. दुसऱ्या हंगामाला त्या मशिनवर नवी बाई आली. तिला कोणी वत्सीचं नावसुद्धा सांगितलं नाही. अपशकून होतो म्हणे.

मला ते सहन झालं नाही. पण मी कोणाशी भांडणार? मी मुकादमाला पाणी मागताना लाजायची. मग मी गाणं केलं. यशोदा म्हणाली होती ना, चाल हवी. म्हणून चाल घेतली, आईच्या तोंडची हळदीची चाल. म्हटलं, चाल असली की बायका गातील, आणि गातील तिथं तिथं वत्सीचं नाव जाईल. गाणं असं होतं:

हात हयदीना वं माय, हात हयदीना,
वत्सीना हात हयदीना.
याच हाते भाकर थापी, याच हाते पानी,
याच हाते कापूस सारा, वत्सी थकनी नही.

मधे आणखी कडवी आहेत. शेवटचं हे:

मशिनले डोया नहीत वं माय, मशिनले शेतस दात,
वत्सीना दोन बोटे गयात, जपी ठेव वं हात.

मशिनला डोळे नाहीत, दात आहेत, म्हणून हात जप, एवढंच मला सांगायचं होतं. गाणं चाललं. चांगलंच चाललं. ढिगाऱ्यावरून गावात गेलं, गावातून लग्नांत गेलं. आणि तिथंच घोटाळा झाला. आमच्याकडे हळदीच्या गाण्यात जिची हळद असेल तिचं नाव घालायची रीत आहे. गाणं कोणाचंही असो, नाव नवरीचं. त्यामुळे मंगलच्या हळदीला 'मंगलना हात हयदीना' झालं, सुनीताच्या हळदीला 'सुनीताना हात'. रीतच ती, कोणाची चूक म्हणायची? शेवटच्या कडव्यापाशी मात्र सगळ्या अडायच्या. तिथं नवरीचं नाव घालून दोन बोटं गेली असं कोण म्हणेल? हळदीच्या दिवशी? म्हणून ते कडवंच गळून गेलं. माझ्या डोळ्यांदेखत हे होत होतं. कापसाच्या गाण्याचं चारचौघांसारखं हळदीचं गाणं झालं. हात काम करतात, हात पिवळे होतात, संपलं.

मी एकदोनदा बायकांना सांगून बघितलं. "अगं, हे वत्सीचं गाणं आहे."

"हा वं शांताक्का, वत्सीनंच. पन लगीन तं मंगलनं शे ना?"

मी मंगलच्याच हळदीची वाटी पुढं सरकवली.

मध्यंतरी बरीच वर्षं गेली. मशिनला कापूस भरवायला पट्टे आले, अडकलेला कापूस मात्र अजून हातानंच रेटतात. मी गुडघ्यांमुळे काम सोडलं. मग एका लग्नात धुळ्याहून एक मॅडम आल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या. मोबाइल पुढं धरून त्या बायकांची गाणी भरून घेत होत्या. मी खांबाच्या आड बसले होते. त्यांनी हे गाणं घेतलं, 'पूजाना हात हयदीना'. मी उठून सांगायला हवं होतं की नको? पण तिथं एवढी माणसं होती. मी पदराचं टोक पिळत बसून राहिले.

नंतर मॅडमचं पुस्तक आलं. सूनबाईनं कुठूनसं आणलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. गाणं होतं. खाली कंसात एकच शब्द: पारंपरिक.

सूनबाई म्हणाली, "आत्या, हे तर तुमचं!"

"माझं आहे तर."

"मग सांगा ना त्यांना."

सांगा ना! माझं सगळं आयुष्य लोक मला 'सांगा ना' म्हणत आले. शेवटी सूनबाईनंच मला धुळ्याच्या बसमध्ये बसवलं. स्वतः बरोबर आली, नाहीतर मी शिरपूरच्या स्टँडवरूनच परत फिरले असते.

मॅडम वाईट नव्हत्या. हे आधीच सांगते. त्यांनी चहा केला, मला सोफ्यावर बसवलं, स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "शांताक्का, चाल कुठून घेतली तुम्ही?"

"आईची."

"आणि 'हात हयदीना' ही ओळ?"

ती ओळ आईच्याच एका गाण्यातली होती. तिच्या गाण्यात पुढं मेंदी यायची, मी कापूस आणला. तसं सांगितलं.

"मग बघा. तुमच्या आईलाही कोणाकडून तरी मिळाली असणार. लोकगीताला असा एक कर्ता नसतो. हे गाणं मला कितीतरी गावांत मिळालंय, प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं."

"पहिलं नाव वत्सीचं होतं."

"असेलही. पण मला कोणीच तसं म्हणून दाखवलं नाही."

सूनबाई मधे पडली. "मॅडम, शेवटचं कडवं आहे त्यात. बोटं गेल्याचं." आणि तिनं ते म्हणून दाखवलं.

मॅडमनी ते दोनदा म्हणायला लावलं. त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी बघितलं. पण मग म्हणाल्या, "हे नंतर कोणीतरी जोडलेलं वाटतं. हळदीच्या गाण्यात असं येत नाही."

येत नाही! मला माहीत आहे येत नाही. म्हणूनच तर मी आणलं होतं. सरांनी सांगितलं होतं तुमचं द्या. यशोदानं सांगितलं होतं चाल आण. दोघांचंही ऐकून आईची चाल घेतली, बोली घेतली, आणि आतमध्ये माझी एक गोष्ट ठेवली. तर तेवढीच एक गोष्ट माझी नाही असं झालं. माझ्याजवळ जे आईचं होतं ते सगळं पुस्तकात आलं, आणि जे माझं होतं ते बाहेर राहिलं.

हे सगळं मी आत्ता लिहिते आहे. तिथं मी फक्त "हो" म्हटलं.

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत मी तळटीप देते. नक्की देते."

बसमध्ये मी सूनबाईला विचारलं, तळटीप म्हणजे काय. ती म्हणाली, पानाच्या खाली बारीक अक्षरात लिहितात ते. म्हणजे वत्सीला पानाच्या खाली ठेवणार. मला शिरपूर येईपर्यंत हसूही येत होतं आणि रडूही.

यंदा वत्सीच्या धाकट्या मुलीचं, रेखाचं, लग्न ठरलं. चोपड्याकडचं घर. मुलगा जिनिंगमध्येच मशीन दुरुस्त करतो, आणि रेखालाही तिथंच काम बघून ठेवलं आहे. मी हळदीला गेले. मनाशी ठरवून गेले होते. म्हटलं, दुसरीकडे कुठं नाही तर नाही, वत्सीच्या स्वतःच्या दारात तरी गाणं नीट होईल. तिचं नाव येईल. पोरीच्या हळदीत आईचं नाव यायला कोणाची हरकत असणार?

दुपारची वेळ. अंगणात मांडव, पाटावर रेखा, पाच सुवासिनींनी हळद लावली. वत्सीही उठली. तिथली एक म्हातारी म्हणाली, "डाव्या हाते लाव." वत्सी म्हणाली, "का वं माय, उजवाले काय व्हयनं?" आणि त्याच तीन बोटांच्या हातानं पोरीच्या गालावर हळद ओढली. गालावर तीन पट्टे उठले.

बायकांनी गाणं धरलं. 'हात हयदीना वं माय.' मी वत्सीच्या जवळ सरकले आणि कानात म्हटलं, "तुझं नाव घालायला सांग."

"कसाले?"

"कसाले म्हणजे? गाणं तुझं आहे ना!"

"मन्ही पोरनी हयद शे, आनि मन्हं नाव? लोक हसतीन." आणि तिनं स्वतःच, तिच्या त्या गळ्यानं, 'रेखाना हात हयदीना' म्हटलं.

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. जिच्यासाठी मी धुळ्याच्या सोफ्यावर जाऊन बसले, तिनंच स्वतःचं नाव पुसलं, आणि तेही हसत हसत, सुरात. मी तिथून उठणार होते. खरंच उठत होते. तर तिनं माझा हात धरला.

"कोठे चालनी? शेवटनं म्हन."

"काय?"

"बोटेसनं. माले पुरं येस नही आते, इसरी गयी. तुलेच येस. म्हन."

ती म्हातारी लगेच म्हणाली, "हयदमा ते म्हनतस नहीत. अशुभ शे."

वत्सी तिच्याकडे वळली. "आजी, मन्ही पोर परवापासून मशिनवर उभी ऱ्हाई. तिले आज सांगानं नही तं कवय सांगानं? बोटे गयावर?"

"आनि कोनं नाव घालसूत त्यामा? नवरीनं?"

"नवरीनं कसाले? मन्हं घाला. मन्ही तं गयातच. वर तिनं नाव घाला, आठे शेवटले मन्हं राहू द्या."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मांडवातले पुरुषही बघायला लागले. माझा घसा बसलाच. पहिली ओळ निम्मी हवेतच गेली. दुसऱ्यांदा म्हटली. आवाज फाटका, चाल वर चढली, खाली घसरली. 'मशिनले डोया नहीत वं माय, मशिनले शेतस दात.' मागून कोणी धरेना, कारण कोणाला येतच नव्हतं. मी एकटीच म्हणत राहिले. 'वत्सीना दोन बोटे गयात, जपी ठेव वं हात.' पाटावर रेखानं मांडीवर पसरलेले पिवळे हात उचलले आणि मुठी मिटल्या.

मग डफवाल्यानं काहीतरी वाजवायला घेतलं आणि सगळं पुन्हा सुरू झालं. मी खांब शोधत होते.

चहाच्या वेळी एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. चोपड्याकडची, नवऱ्यामुलाच्या नात्यातली. तिच्या लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते, ते दोन धुण्यांतही जात नाहीत. म्हणाली, "अक्का, ते शेवटनं माले लिही दे. मन्ही सून बी मशिनवर शे."

"लिहून कशाला? म्हणून घे." मला कागद नको झाला होता.

तिनं माझ्यामागून म्हटलं. पहिल्याच फेरीत 'दात'च्या जागी 'दातरा' केलं, यमकच मोडलं. मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या ओळीपाशी ती थांबली.

"आठे मन्ही सूननं नाव तं नही ना घालानं?"

"नाही."

"मंग कोनं? मी त्या बाईले वयखस नही."

"ती काय, तिकडे चहा वाटतेय. वत्सी तिचं नाव," मी म्हटलं. "वर कोणाचंही घाल. आठे वत्सीच."